टीव्हीकडे पाठ करून बसणारे हबीबभाऊ

हबीबभाऊ टीव्ही लावून द्यायचे आणि टीव्हीकडे पाठ करून बसायचे. समोर पन्नास-साठ माणसं मांडी घालून बसलेली, पडद्यावर कुणी नाचतंय, कुणी रडतंय, आणि ज्यानं तासभर खपून ते चित्र आभाळातून खाली आणलं तो माणूस मात्र पडद्याच्या शेजारी स्टूल टाकून लोकांची तोंडं न्याहाळतोय. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, धार्मिक कारण असेल. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, कंटाळा आला असेल. तिसऱ्या आठवड्यात मी सरळ विचारलं.

"भाऊ, तुम्ही का नाही बघत?"

"काऊन पाहू बाई? टीव्हीवरचे लोक रोज तेच असतात. हे रोज नवे."

दोन हजार पाच-सहा सालच्या सुमाराची गोष्ट. चंद्रपूरच्या एका संस्थेच्या डोळ्यांच्या दवाखान्याची फिरती गाडी होती, तिच्यावर मी डोळे तपासायला होते. माझ्यासोबत मंदा सिस्टर, आणि हबीबभाऊ ड्रायव्हर. गाडीच्या मागं ओढायचा एक लांबोळका डबा होता. तो मुळात कोळसा खाणीच्या मोजणीवाल्यांचा. त्यांनी टाकून दिलेला भाऊंनी पत्रा ठोकून, रंग मारून उभा केला होता. आत दोन बर्थ, एक स्टोव्ह आणि तपासणीचं सामान. मी आणि मंदा डब्यात झोपायचो, भाऊ गाडीच्या केबिनमध्ये. एकदा चंद्रपूर सोडलं की पंधरा-वीस दिवस आमचं घर ते. गडचिरोलीच्या पलीकडे धानोरा, एटापल्ली, भामरागड अशी आमची गावं. फोन नाही, लाईट असली तर असली, आणि दिवस मावळायच्या आत गाडी ठरल्या गावात उभी पाहिजे, हा नियम.

गावात गेलं की पहिली अडचण ठरलेली. डोळे तपासायला कुणी यायचंच नाही. म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं होणं म्हणजे केस पांढरे होण्यासारखंच, त्यात दवाखान्याचं काय काम, असं लोकांचं सरळ मत. आम्ही दवंडी पिटायचो, शाळेच्या गुरुजींना गळ घालायचो, आणि दिवसाला सहा माणसं तपासून हात चोळत बसायचो. तेव्हा नुकतीच ती महिन्याला काही न भरता दिसणारी सरकारी छोटी डिश आली होती. भाऊंनी ती डब्याच्या टपावर बांधून आणली. जुना एकवीस इंची टीव्ही, गाडीच्या बॅटरीवर चालणारी जोडणी, आणि डिशला लावायचं हाताएवढं यंत्र. डिशचं तोंड नेमक्या जागी आलं की ते यंत्र शिट्टी वाजवायचं. संध्याकाळी टीव्ही लागला की आख्खं गाव यायचं, आणि गाव आलं की त्यात दिसत नसलेलेही यायचे. चंद्रपूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं. पुढच्या दौऱ्यात चौपट माणसं तपासून आल्यावर त्यांनीच टीव्हीवर घालायला ताडपत्री मागवली.

डिश लावणं हा बघण्यासारखा कार्यक्रम असायचा. गावात शिरलं की भाऊ जागा बघायचे नाहीत, आभाळ बघायचे. आग्नेयेच्या अंगाला, बऱ्यापैकी वर, झाडांमधून एक मोकळा चौकोन मिळाला पाहिजे. तिकडे हात करून म्हणायचे, "होळीच्या आधी, सकाळी सव्वाअकराले सूर्य जिथी असते न, तिथी सॅटेलाइटचं घर हाय."

मी म्हटलं, "हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

"पुस्तक कायचं? त्या दिवसात त्या टायमाले बराबर चित्र जाते. पाच-सात मिन्टं जाते, मंग येते. चार दिवस पाह्यलं. म्हटलं, सूर्य येऊन त्याच्या आड बसून राह्यला."

पुढं एका इंजिनिअरला मी हे विचारलं तर तो म्हणाला, अगदी खरं आहे, पण हे तुमच्या ड्रायव्हरला कुणी सांगितलं? कुणीच नाही. घुग्घुसला सिमेंटच्या कारखान्यात ट्रक चालवलेला, सातवी शिकलेला माणूस. त्याला फक्त चित्र का गेलं याचा छडा लावायचा होता. असं काही दिसलं की ते दुसरं काम करूच शकत नसत. जेवतानाही तेच चालायचं.

एक कायदा त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. झाडाला हात लावायचा नाही. आभाळाच्या आड फांदी आली की गावकरी लगेच कुऱ्हाड घेऊन धावायचे, पाहुण्यांसाठी काहीही करतील अशी ती माणसं. भाऊ म्हणायचे, "झाड तुमचं, डबा आमचा. ज्याले चाकं हाय त्यानं हलावं." धानोऱ्याकडच्या एका गावात एका ऐनाच्या झाडासाठी त्यांनी तीन वेळा डबा हलवला होता. मंदा वैतागून म्हणाली, भाऊ, आता चौथ्यांदा हलवला तर चंद्रपूर येईल. भाऊ हसले, आणि झाडाकडे बोट करून, त्याच्या कोणत्या फांद्या कुठवर येतात ते तिला मोजून दाखवलं. फांदी तर भाऊंना लांबूनच दिसायची.

आता लोकांच्या तोंडांकडे बघण्याचं. हे मला कळायला महिना लागला. एका संध्याकाळी भाऊ हळूच माझ्याजवळ आले.

"बाई, तिसऱ्या रांगेत ती निळ्या लुगड्याची म्हातारी हाय न, तिले उद्या पह्यले घ्या."

"का? बघतेय की चांगली. हसतेय."

"पाहून नाई राह्यली. ऐकून राह्यली. सारे हासले की मंग हासते."

मी बघत बसले. खरंच. सगळे हसायचे, आणि हसू ओसरत आलं की ही एकटी हसायची. दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू निघाले. भाऊंना अशा खुणा किती सापडत! मान कलती करून बघणारा, उजेड बदलला की डोळे मिटणारा, पडद्याऐवजी स्पीकरकडे तोंड करून बसलेला. माझ्याकडे शिक्षण होतं, दिवे होते, भिंगं होती, आणि माझ्या आधी रोग भाऊ ओळखायचे. सुरुवातीला मला याचा राग यायचा, हे कबूल करते.

त्या म्हातारीचं नाव जैनी. तिला चंद्रपूरला नेऊन ऑपरेशन केलं. पुढच्या फेरीत आम्ही मुद्दाम त्या गावी थांबलो. जैनीला अगदी पुढं बसवलं. टीव्ही लागला. बाई पडद्याकडे बघते, मागं वळून सुनेकडे बघते, पुन्हा पडद्याकडे. मग गोंडीत काहीतरी ठसक्यात बोलली आणि आख्खं गाव लोळून हसलं. सुनेनं सांगितलं, "म्हनते, एवढेसे मानसं! आवाज त केवढा मोठा करत होते!" आधी ती मनात आपल्याएवढी माणसं बसवून ऐकत होती. त्या दिवशी भाऊ पाठ करून बसले नाहीत. जैनीच्या शेजारी मातीत बसले आणि ती कुठं बघते ते बघत राहिले.

इतकं दुसऱ्याच्या डोळ्यांवर लक्ष असलेला माणूस, पण स्वतःच्या डोळ्यांचा विषय निघाला की उठून जायचा. त्याचं कारण मला ठाऊक होतं. त्यांचे अब्बा घुग्घुसला शिंपी होते. पन्नाशीत त्यांना सुई दिसेनाशी झाली, मग कापड दिसेनासं झालं, मग माणसं. पुढची अकरा वर्षं ते दारातल्या खाटेवर बसून, जाणाऱ्या ट्रकचे आवाज मोजत. भाऊ एकदा गाडी चालवता चालवता म्हणाले होते, "मले मराची भेव नाई बाई. त्या खाटेची भेव हाय." मी तेव्हा सव्वीसची. त्यांना पन्नाशी उलटलेली. वडिलांचा आजार मुलात येऊ शकतो, हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते. तरी मी काय केलं? काही केलं नाही.

म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. ड्रायव्हरच्या नजरेचा दाखला दरवर्षी लागायचा आणि तो मीच द्यायचे. आमच्याकडे अक्षर न येणाऱ्यांसाठीचा तक्ता होता, तीन पायांच्या चिन्हांचा. पाय कुणीकडे आहेत ते हातानं दाखवायचं. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. वरची ओळ मोठी, खाली खाली बारीक. पेशंट वीस फुटांवर बसायचा आणि तक्त्याजवळ छडी घेऊन एकेक चिन्ह दाखवायला कोण उभं राहायचं? हबीबभाऊ. चार वर्षं, दिवसाला साठ-साठ माणसं, तोच तक्ता. आणि त्यांची स्वतःची पाळी आली की मी त्यांना त्याच तक्त्यासमोर बसवायचे, छडी मंदाच्या हातात द्यायचे, आणि भाऊ खालच्या ओळीपर्यंत खाडखाड हात हलवायचे. मी खूश होऊन सही करायचे. डोळ्यांच्या दवाखान्यातच असली चूक होऊ शकते, दुसरीकडे कुणी करून दाखवावी.

शेवटच्या दौऱ्यात आम्ही भामरागडच्या पुढच्या एका गावात होतो. त्या दौऱ्यात गाडी फारच हळू चालायची. मंदा म्हणायची, भाऊ बैल जुंपून चालवतात. डब्याची उजवी बाजू दोन ठिकाणी खरचटली होती, रस्ता खराब म्हणून आम्ही सोडून दिलं. शाळेच्या अंगणात डबा लावला, भाऊंनी आभाळ बघितलं, डिश बांधली आणि फिरवायला लागले. शिट्टी काही वाजेना. पाव तास गेला, अर्धा गेला. वायर बदलली, बॅटरी बघितली, यंत्र झटकून बघितलं. अंगणात माणसं जमायला लागली होती. भाऊंच्या मानेवर घाम, आणि तोंडानं चाललेलं, "इथीच हाय, इथीच हाय."

तेवढ्यात कुंपणाशी मोळी घेऊन उभी राहिलेली एक बाई म्हणाली, "भाऊ, ते मोहाची फांदी आडवी हाय न."

आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. उजव्या अंगाला मोहाची फांदी होती, मांडीएवढी जाड, नव्या पानांनी भरलेली, आभाळाच्या त्या तुकड्यावर सरळ आडवी. ती कुणालाही दिसली असती. लहान पोर दाखवत होतं. भाऊंनी मात्र आधी त्या बाईकडे बघितलं, मग मान पार उजवीकडे वळवून फांदीकडे. इतकी मान वळवायची गरज नव्हती. फांदी दिसल्यावर ते हसले, काही तरी बोलले, आणि डबा हलवायला गाडीत जाऊन बसले. मला पहिली शंका आली ती तिथं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट यायच्या आत मी तक्ता उलटा टांगला. मोठं चिन्ह तळाशी, बारीक ओळ वर. मंदाला खूण केली आणि भाऊंना म्हटलं, बसा, दाखल्याचं काम उरकून टाकू. डावा डोळा झाकायला लावला. मंदानं वरच्या पहिल्या चिन्हावर छडी ठेवली. भाऊंनी हात वर केला. मग उजवीकडे. मग खाली. मग पुन्हा उजवीकडे. न अडखळता, एका लयीत, चार वर्षांचा पाठ त्यांनी मला म्हणून दाखवला. त्यातलं एकही चिन्ह समोर त्या जागी नव्हतं. मंदाची छडी खाली आली आणि ती तोंड फिरवून डब्यात निघून गेली.

भाऊंना शांततेवरून कळलं. "तक्ता बदलला का बाई?"

"तोच आहे. उलटा टांगलाय."

त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"कधीपासून भाऊ?"

"उजव्याचं दोन बरसात झाले. डाव्यानं मंधातलं दिसते. तुमचं तोंड दिसून राह्यलं. बाजूचं नाई दिसत."

"आणि गाडी चालवताय!"

"हळू चालवतो न."

मी खूप ओरडले त्यांच्यावर. वयाचा मान वगैरे सगळं बाजूला ठेवून. आम्ही दोघी मागं असायचो, रस्त्यानं गुरं, सायकली, शाळेची पोरं असायची, असं बरंच. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमी सांगून राह्यले ते खरं हाय. पन एवढा दौरा होऊन जाऊ द्या. नऊ दिवस रायले. गाडीवरून उतरलो त मले खाटेवरच बसाचं हाय, नऊ दिवस इकडं का नऊ दिवस तिकडं."

खोटं सांगत नाही, क्षणभर मला हो म्हणावंसं वाटलं. पण मी काही बोलायच्या आत ते स्वतःच उठले. केबिनमध्ये गेले, किल्ली काढली आणि माझ्या टेबलावर, भिंगांच्या पेटीशेजारी आणून ठेवली. "नाई," ते म्हणाले, "तुमाले विचारनंच चूक हाय. तुमी हो म्हटलं असतं त तुमच्यावर आलं असतं." आणि नेहमीप्रमाणे तक्त्याजवळ छडी घेऊन उभे राहिले, कारण पहिला पेशंट आला होता. मी तक्ता सरळ टांगला. त्या दिवशी आम्ही एकावन्न माणसं तपासली.

गडचिरोलीहून दुसरा ड्रायव्हर यायला दोन दिवस लागले. त्या दोन्ही संध्याकाळी भाऊंनी टीव्ही लावला आणि चार मोतीबिंदू, एक तिरळेपणा असे हुडकून दिले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. काचबिंदू निघाला, अब्बांचाच. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंबांनी राखता येतं. भाऊंनी थेंब कधी चुकवले नाहीत. ते घुग्घुसला डिश लावायचं काम करायला लागले. त्यांची बायको, मेहरूनभाबी, शिडी चढून छतावर, आणि हे खाली अंगणात कान देऊन. शिट्टीवरून "थोडं वर, थोडं उजवीकडे, बस" असं सांगणार. भाबींना म्हणे आधी उंचीची भीती वाटायची, नंतर त्या गिऱ्हाइकाच्या छतावरून शेजारणींशी गप्पा मारायला लागल्या. खाटेवर भाऊ बसले नाहीत. निदान माझ्या कानावर तसं आलं नाही. माझी पुढं नागपूरला बदली झाली आणि भेट राहून गेली.

मला शेवटचे दिसले ते दौऱ्यावरून परतलो त्या आठवड्यात, चंद्रपूरच्या दवाखान्यात. नजर कडेला किती उरली हे मोजायचं यंत्र अंधाऱ्या खोलीत असतं. पांढरं अर्धगोल भांडं, त्यात हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. आम्ही हातानं उजेडाचा एक बारका ठिपका कडेपासून हळूहळू मधे आणतो. तो दिसला की पेशंटनं हातातलं बटण दाबायचं. घंटी वाजते, आम्ही कागदावर खूण करतो. चांगल्या डोळ्याच्या माणसाची घंटी अगदी कडेलाच वाजते.

भाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले होते. यंत्र कसं चालतं ते त्यांनी आधी सगळं विचारून घेतलं. उजेड कुठून येतो, आवाज होतो का, ठिपका हलवणारा हात माझाच का. मी म्हटलं, आवाज होत नाही भाऊ, झाला तरी त्यावर दाबायचं नाही. "नाई नाई," ते म्हणाले, "खरं तेच सांगतो." डाव्या डोळ्यापासून सुरुवात केली, कारण आता सगळं त्याच्यावर होतं. त्यांनी हनुवटी टेकवली, अंगठा बटणावर ठेवला आणि श्वास रोखल्यासारखे स्थिर झाले.

मी ठिपका कडेला लावला आणि आत आणायला लागले. घंटी वाजली नाही. आणखी आत आणला. ठिपका मला लख्ख दिसत होता, त्यांच्या कानशिलाजवळून, गालाजवळून सरकत होता. त्यांचा अंगठा तयारीत होता, चेहऱ्यावर तीच नवं काही बघायला मिळणार असल्याची उत्सुकता होती.

"लावा न बाई दिवा," हबीबभाऊ म्हणाले, "मी तयार आहो."

ठिपका तेव्हा अर्ध्याच्याही आत आला होता.